दुसरं फुलपात्र

“निवास, उतर खाली. सरबत पी अन् मग घाटाला लाग.”

हौसाक्का जीपच्या दाराशी उभी होती. एका हातात स्टीलची किटली, दुसऱ्या हातात फुलपात्र, पदर कानामागे खोचलेला.

घाटाच्या तोंडाशी वाघजाईचं देऊळ आहे. आमच्याकडची गाडी कोकणात उतरायची झाली तर तिथे नारळ फोडल्याशिवाय पुढे जात नाही. मी नारळ फोडून, चाकांवर पाणी शिंपडून परत गाडीत बसलो तोवर आक्काने मागच्या सगळ्यांना सरबत पाजलं होतं. मागे नऊ बायका-पोरं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या आमच्या वडापाच्या हिशेबाने गाडी रिकामीच. आक्काच्या नातवाचं, अमरचं, लग्न होतं आणि मुलगी चिपळूणकडची. नवरदेव आणि पुरुष मंडळी पुढच्या गाडीतून केव्हाच खाली उतरली होती.

फुलपात्र एका दमात संपवलं. लिंबू, साखर, वेलदोडा, आणि मागून जिभेवर कडू.

“आक्का, लिंबाची बी वाटली का काय? कडू लागतंय.”

“लागू दे. जिभंचं लाड बायकूकडनं करून घे.” तिने किटली पुन्हा वाकडी केली. “आजून एक घे.”

“बास की.”

“घे म्हणती न्हवं? गाडी तू चालवणार.”

आक्कापुढे गावात भल्याभल्यांचं चालत नव्हतं, तिथे माझी काय कथा. आम्ही शेजारी. माझी आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची तेव्हा दुपारची भाकरी मी आक्काच्या चुलीपुढे खायचो आणि नको म्हटलं की पाठीत धपाटा खायचो. दुसरं फुलपात्रही मुकाट रिकामं केलं.

घाट मला पाठ होता. कुठल्या वळणावर समोरची एसटी अंगावर येते, कुठे माकडं रस्त्यात बसतात, सगळं. मागे गाणी चालली होती. हळूहळू ती थांबली. आरशात पाहिलं तर एकजात सगळ्या माना टाकून झोपलेल्या. पहाटेपासून हळदीच्या, पूजेच्या गडबडीत होत्या, दमल्या असतील, असं मी मनाशी म्हणालो. आक्का माझ्या शेजारच्या सीटवर. तिचाही डोळा लागला होता. माझं डोकं जड झालं होतं. शेवटचं वळण उतरलो, सपाटीचा सरळ रस्ता लागला आणि मी हात सैल सोडले. एवढंच आठवतं.

जाग आली ती आवाजाने. गाडी रस्ता सोडून गटारीत उतरली होती आणि काचेवर, बॉनेटवर, सगळीकडे ओलं गवत पसरलं होतं. मला कळेना, गवत आलं कुठून. मागच्या बायका जाग्या होऊन ओरडायला लागल्या. मी खाली उतरलो तेव्हा गवताचा भारा डोक्यावरून नेणारा माणूस चाकापाशी पडलेला दिसला. रघुनाथ मांडवकर त्याचं नाव, हे मला पोलीस ठाण्यात कळलं. तोवर तो दवाखान्यात जाऊन संपला होता.

“किती प्यालास?” हवालदाराने विचारलं.

“सरबत प्यालोय साहेब.”

“हां. इथं येणारा प्रत्येक जण सरबतच पितो.”

सरकारी दवाखान्यात माझं रक्त काढून घेतलं. दारू काही निघाली नाही. तरी निष्काळजीपणाने गाडी चालवून माणूस मारल्याचा गुन्हा लागला, लायसन जमा झालं, जीप ठाण्याच्या आवारात गवतात उभी राहिली. जामीन मिळाला. गुन्हा घाटाखाली घडला म्हणून कोर्टही घाटाखालचंच. दर तारखेला मला त्याच घाटाने एसटीत बसून जावं लागे आणि सपाटीचा तो रस्ता आला की मी मान खाली घालून बसे.

“नीट सांगा,” बायको, शालन, दर वेळी विचारायची. “झोप झाली न्हवती का आदल्या रात्री?”

“झाली हुती गं. जेवून आठालाच आडवा झालतो.”

“मग?”

 त्या ‘मग’ला साक्षीदार नव्हता. गाडीतलं पूर्ण वऱ्हाड झोपलेलं. मी ओरडून सांगितलं असतं की मला एकाएकी अंधारी आली, तरी त्याला दुजोरा द्यायला कोण जागं होतं?

काही महिन्यांनी रक्ताच्या तपासणीचा दुसरा अहवाल आला. माझे वकील मुकादम म्हणून चिपळूणचे होते, सावकाश बोलणारे, पान खाणारे. त्यांनी मला समोर बसवलं.

“निवासराव, तुमच्या रक्तात झोप आणणारं औषध सापडलंय. कसली गोळी घेतली होती?”

“कसलीच न्हाई.”

“माझ्यापाशी लपवू नका. हे बघा, गोळी तुम्ही आपणहून घेतली, झोप येते हे ठाऊक असून गाडीवर बसलात, तर तुम्ही अडकलात. आधीच्या गुन्ह्यात हा आणखी एक वाढला, औषधाच्या अमलाखाली गाडी चालवल्याचा. कुणी डॉक्टरने दिली आणि सांगितलं नाही, तर त्याला साक्षीला आणू. आणि कुणी तुमच्या नकळत दिली असेल, तर तुम्ही सुटलात. पण मग देणाऱ्याचं नाव सांगावं लागेल.”

“कोण देणार वकीलसाहेब? आन् कशाला?”

“ते तुम्ही सांगायचं.”

बातमीला पाय नसतात, पण घाट चढायला तिला वेळ लागत नाही. चार दिवसांत गावभर झालं, निवास गोळ्या खातो. शाळेची पोरं सोडायचं काम माझ्या चुलतभावाच्या गाडीला कायमचं गेलं. ज्यांना मी अर्ध्या रात्री दवाखान्यात नेलं होतं ती माणसं माझ्या डोळ्यांत निरखून बघायला लागली. शालनने तर एक दिवस माझे सगळे खिसे उलटे करून पाहिले. तिला काय सापडणार? तंबाखूची पुडी.

उलगडा झाला तो आक्काच्या सोप्यात. तिची लेक सासरला निघाली होती, तिची बॅग स्टँडवर पोचवायला मला बोलावलं होतं. आत गेलो तर आक्का खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. बाजूला लिंबं चिरलेली.

“काय कुटतीस?”

“गप. इचारायचं नसतं. सांगितलं की गुण जातो.”

आमच्याकडे झाडपाल्याचं औषध देणारा औषधाचं नाव सांगत नाही. काविळीचं असो, विंचवाचं असो, नाव फुटलं की गुण गेला असं समजतात. पण आक्काच्या मांडीशी पडली होती ती मुळी नव्हती. औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांचं चंदेरी पाकीट होतं, सगळी घरं फोडलेली.

“ही कसली गोळी आक्का?”

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हसली. “तुला म्हणून सांगती. वकारीची हाय. मी नवी नवरी घाट चढून आली तवा नव्या शालूवर वकली. सासूनं मरंस्तवर मला ‘वकरी’ म्हणून हाक मारली बघ. माझ्या घरातल्या कुणावर ती पाळी येऊ द्यायची न्हाई, असं मी तवाच ठरीवलं. गोळी दिली तर पोरं थुकत्यात. सरबतात कळत न्हाई.” आणि बत्ता ठेवून अभिमानाने म्हणाली, “अमरच्या लग्नाला तुझ्या गाडीत एक तरी वकलं का? सांग बरं!”

मी बॅग उचलली आणि बाहेर पडलो. स्टँडपर्यंत आक्काची लेक काय बोलत होती, मला एक शब्द आठवत नाही.

संध्याकाळी आक्काचा मुलगा दिनकरतात्या एकटा गाठला आणि सांगितलं. तो दगडावर बसला तो उठेचना.

“मला ठावं हुतं ती घालती ते,” तो म्हणाला. “तुला पाजलं असंल हे कदी डोस्क्यातच आलं न्हाई. गाडी चालीवणाऱ्याला कोण वकारीची गोळी दील?”

“आता काय करू ते सांग.”

“निवास, मी काय सांगू? तुझं वाटोळं झालंय, दिसतंय मला. पर म्हातारी त्या मांडवकराच्या नावानं आमुशाला घास बाजूला काढती रं. म्हणती, आपल्या लग्नात बिचारा गेला. तिला जर कळलं की…” त्याने माझे पाय धरायला हात पुढे केला. मी मागे सरकलो. वडिलांच्या वयाचा माणूस.

घरी शालनला सांगितलं. तिचा पारा चढला.

“आक्काला काय फासावर देणार हायत? म्हातारं माणूस, सोडतील. तुम्ही आत गेलासा तर माझं काय? उद्याच्या उद्या वकिलाला सांगा.”

“आन् आक्कानं हाय खाल्ली तर?”

“आन् मी खाल्ली तर?”

तिचंही खोटं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, तसं झालं होतं, आणि दोन्हीकडे पाणी माझ्याच घरचं. तोंड उघडलं तर आक्का मेली, मिटलं तर मी गोळ्या खाणारा ड्रायव्हर म्हणून आत. मुकादम वकिलांसमोर जाऊन दोनदा बसलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो.  मी काहीतरी दडवतोय एवढं त्यांनी ओळखलं असणार.

आणि मग आक्का स्वतःच उठली.

कुणीतरी चावडीवर माझ्या गोळ्यांचं तिच्या कानावर घातलं होतं. ती तडक माझ्या दारात. “तू गोळ्या खातोस म्हणत्यात? कोण म्हणतंय? जीभ हासडीन मेल्याची! मी येती कोर्टात. मी सांगती जजला. माझ्या शेजारी बसून हुता. माझ्या हातचं सरबत पिऊन गाडीवर बसला. त्याबिगर पोरानं त्या दिवशी तोंडात काय घातलं न्हाई.”

“आक्का, नको.”

“का नको?”

 दिनकरतात्याने पाय दुखतील, ऊन लागेल, वकील उलटसुलट विचारतील, सगळं सांगून पाहिलं. तिने त्याला सुनावलं, “तुला लाज कशी वाटत न्हाई? आपल्या लग्नापायी पोर कोर्टात हेलपाटं घालतंय.” शालन दाराआड उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिने आक्काला थांबवलं नाही आणि मी तिला दोष देत नाही.

मुकादम वकिलांनी साक्षीदारांत तिचं नाव घातलं. “चांगली आहे. वागणुकीची साक्ष होईल,” म्हणाले. त्यांना सरबताचा वास आला होता की नव्हता, मला आजवर कळलेलं नाही.

साक्षीच्या दिवशी एसटीत बसताना आक्काच्या हातात तीच किटली. फुलपात्र भरून माझ्यापुढे केलं.

“आज गाडी मी चालवत न्हाई आक्का. मला नको.”

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणाली आणि स्वतः प्याली. अर्धा घाट उतरेतो तिचं डोकं माझ्या खांद्यावर. मी तिला उठवून सगळं सांगावं म्हणून तीनदा तोंड उघडलं. झोपेत ती इतकी लहान दिसत होती की हिंमत झाली नाही.

कोर्टात मागच्या बाकावर मांडवकरची बायको बसली होती. ती प्रत्येक तारखेला यायची, काही न बोलता बसायची आणि जायची. मी आरोपीच्या जागी उभा. आक्काने देवाची शपथ घेतली, मॅजिस्ट्रेट बाईंना दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि सांगायला सुरुवात केली, ती माझ्या लहानपणापासून. मॅजिस्ट्रेट बाईंनी हसू आवरत तिला लग्नाच्या दिवशी आणून सोडलं.

मुकादम उठले. “आजी, आरोपीने त्या दिवशी तुमच्यादेखत काय खाल्लं, काय प्याला?”

“सरबत. दुसरं कायबी न्हाई.”

“कोणी केलेलं?”

“म्या.”

“सरबतात काय काय होतं?”

आक्का घुटमळली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. तिला वाटलं मी हो म्हणतोय की तिने पाहिलंच नाही, कोण जाणे. देवाची शपथ घेतलेली बाई ती. गुण जायचा तर जाऊ दे, असं मनाशी ठरवून बोलली.

“लिंबू, साखर, मीठ, येलदोडं. आन् घाटासाठनं वकारीच्या गोळ्या कुटून घालती. समद्यांनाच. जुनी पद्धत हाय माझी.”

कोर्टात लिहिणाऱ्या माणसाचा हात थांबला. मुकादमांनी अगदी हळू विचारलं, “आरोपीला हे सांगितलं होतं?”

“न्हाई. सांगितलं की गुण जातो.”

“किती सरबत दिलं त्याला?”

“बाकी समद्यांना एकेक फुलपात्र. निवासला दोन दिली.”

“दोन का?”

आक्काला हा प्रश्न येडपटासारखा वाटला. तिने वकिलाला समजावून सांगितलं. “अवो, बाकीची वकली तर वकली. गाडी चालवणाऱ्यालाच मळमळलं तर समद्यांचं काय? म्हणून त्याला दुप्पट.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो दुसरा पेला मला लाडाने मिळाला असं मी इतके महिने समजत होतो. तो लाडापेक्षाही जास्त होता, माझ्यावर तिने नऊ जीव सोपवले होते.

मॅजिस्ट्रेट बाई पुढे झुकल्या. “आजी, त्या गोळीने झोप येते, हे तुम्हाला माहीत होतं?”

“झोप येतीच की बाईसायब. झोप आली म्हणजे वकारी येत न्हाई. बसल्या बसल्या पोरं निजत्यात, घाट कवा सरला कळत न्हाई. डोळं उघडलं की आपण…”

तिथे ती थांबली.

 तिचा हात कठड्यावर काहीतरी शोधत होता. तिने आधी मॅजिस्ट्रेट बाईंकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

“निवास,” ती म्हणाली, “तू निजला हुतास?”

“न्हाई आक्का,” मी म्हणालो. भर कोर्टात, मॅजिस्ट्रेटसमोर, खोटं. मुकादम माझ्यावर डोळे वटारत होते. मी पुन्हा म्हणालो, “न्हाई गं. जागा हुतो मी.”

 मॅजिस्ट्रेट बाई लिहिणाऱ्याला म्हणाल्या, “साक्षीदाराचंच लिहा. आरोपीचं बोलणं राहू दे.” आणि शिपायाला आक्कासाठी खुर्ची आणायला सांगितली.

आक्का खुर्चीवर बसली नाही.

मी सुटलो. निकाल पुढच्या दोन तारखांनी लागला. मला ठाऊक नसताना औषध पाजलं गेलं, म्हणून माझ्यावर दोष ठेवता येत नाही, असं त्यात होतं. आक्कावर पुढे कुणी काही केलं नाही. मांडवकरांचं भरपाईचं प्रकरण वेगळं चालू होतं, ते बरंच नंतर मिटलं. पण निकाल हा माझ्या लेखी त्याच दिवशी झाला होता, कोर्टाच्या पायऱ्यांवर.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मांडवकरची बायको तिथे उभी होती. इतक्या तारखांत पहिल्यांदा ती बोलली. राग नव्हता तिच्या आवाजात. तिला खरंच विचारायचं होतं.

“ह्याला म्हायती नव्हता. तुमाला म्हायती नव्हता. वकील म्हनतात, कोनाचाच गुन्हा नाय. मग माजा घरवाला गेला तो कोनाच्या नावावर?”

मी तोंड उघडलं. आक्काने माझा दंड धरून मला मागे सारलं.

“माझ्या,” ती म्हणाली. “माझ्या नावावर धर बाई.”

त्या बाईने मान डोलावली.  कुणी कुणाच्या पाया पडलं नाही, कुणी रडलं नाही. मग ती बाई स्टँडच्या उलट्या दिशेला चालू लागली. आक्काने किटलीतलं उरलेलं सरबत पायरीच्या कडेला ओतलं, किटली उपडी करून झटकली आणि झाकण लावलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. दुसऱ्या वळणाला तिला मळमळायला लागलं. तिसऱ्याला तिने डोकं बाहेर काढलं. त्यानंतर माथ्यापर्यंत एक वळण तिने सोडलं नाही. पोटात काही उरलं नव्हतं, तरी ती ओकत होती. मी एका हाताने तिचं कपाळ धरलं होतं, दुसऱ्याने पाठ चोळत होतो. मागच्या सीटवरच्या बायका नाकाला पदर लावून आमच्याकडे बघत होत्या. नव्या शालूतल्या नवरीकडेही अशाच बघत असतील.

कंडक्टर तिकिटं सोडून आमच्यापाशी आला. “काय पाव्हणं, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला घाटात आणता आन् साधी गोळी दिली न्हाईसा? माझ्यापाशी हाय, देऊ का?” त्याने खिशात हात घातला.

आक्काने तोंड पुसलं. चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोळे टक्क उघडे होते.

“नगं बाबा,” ती म्हणाली. “मला जागं ऱ्हायाचंय.”